ती मच्छीमार बोट नव्हती हो, टग होता

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा मोठं होणार आहे, कापायचं असेल तर कापा, पण जो भाग फोटोबद्दल आहे तो कृपया कापू नका कारण मुळात कापाकापीवरूनच हे पत्र लिहितेय.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पहिल्याच पानावर एका कंटेनर जहाजाचा मोठा फोटो छापला होता, बंदरातून बाहेर पडतानाचा. फोटो सुंदर, वाद नाही. खाली ओळ होती की महाकाय जहाजाच्या वाटेत आलेली मच्छीमार बोट, कप्तानाच्या कौशल्याने अनर्थ टळला. मी ते वाचलं, चहाचा कप खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवून पेपर नाकाशी आणला आणि बघितलं तर त्या तथाकथित मच्छीमार बोटीच्या चारी बाजूंनी काळा जाडजूड रबर आणि टायर, वर छोटीशी काचेची केबिन, आणि तिच्या नाकापासून थेट जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत ताणलेला दोर! स्पष्ट दिसतोय. मच्छीमार बोटी जहाजाला दोर बांधून मासे पकडतात का हो? तो टग होता, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी बोट. वाटेत आला नव्हता, तोच वाट दाखवत होता. आणि फोटोची डावी बाजू तुम्ही कापलीत तिथे, म्हणजे जहाजाच्या मागे, दुसरा टग असणार हे मी पैजेवर सांगते.

आता तुम्ही म्हणाल पुण्यात बसून या बाईला समुद्राचं काय पडलंय, मुठेला पाणी सोडलं की आम्ही पुलावर बघायला जमणारी माणसं. तर सांगते. भोसरीच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, कंटेनरचं वजन, गेट कटऑफ, हेच आयुष्य. आमचा माल एक्स्प्रेसवेने न्हावा शेव्याला जातो, शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि तिथून जगात. पुणे-चाकण पट्ट्यातल्या गाड्या, गाड्यांचे पार्ट, इंजिनं, बरंचसं सगळं याच दारातून बाहेर पडतं. न्हावा शेवा १९८९ साली सुरू झालं आणि २०२४-२५ या एका वर्षात तिथे ७० लाख टीईयूच्या वर कंटेनर हाताळले गेले (टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचा हिशोब, चाळीस फुटी डबा दोन धरायचा). म्हणजे पुणेकराचा समुद्राशी संबंध नाही हे चूक आहे, आपल्याला तो फक्त दिसत नाही.

मलाही दिसत नव्हता हे आधीच कबूल करते. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत आमचे सहा कंटेनर जहाजावर चढले, जहाज सुटायची वेळ झाली आणि सुटलंच नाही. दिवसभर नाही, रात्रभर नाही. तिकडे गिऱ्हाईक बोंबलतंय, इकडे साहेब माझ्या टेबलाशी उभे, मी शिपिंग एजंटला मेलवर मेल, शेवटी त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं की पायलटची वाट बघतोय. माझं डोकंच फिरलं. मी फोन लावून म्हटलं, अहो विमान आहे का ते, पायलट कशाला हवाय, कप्तान झोपलाय का तुमचा? तो बिचारा गप्प बसला, सभ्य माणूस. रात्री मी उरणला माझ्या मावसभावाला फोन केला, तो टगवर कामाला आहे हे माहीत होतं पण टगवर म्हणजे नक्की काय करतो ते पंधरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "ताई, इथे वाऱ्याने आमची टोपी राहत नाही डोक्यावर आणि तुझं जहाज म्हणजे चारशे मीटरची भिंत आहे, सोडलं तर कुठे जाऊन आपटेल सांगू?"

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. तेव्हापासून जे कळलंय त्यातलं थोडं सांगते, तुमच्या फोटोखालच्या ओळी लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मोठं जहाज समुद्रात राजा असतं पण बंदरात लंगडं असतं. सुकाणू चालतं ते त्यावरून पाणी जोरात वाहिलं तर, जहाज थांबलेलं किंवा अगदी हळू असेल तर सुकाणू नुसतं लोखंडाचं फळकूट. बरं मग हळूहळू न्यायचं म्हटलं तर त्या इंजिनाचा सगळ्यात हळू वेग, ज्याला ते डेड स्लो म्हणतात, तोच मोठ्या कंटेनर जहाजांना सात-आठ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी तेरा-चौदा किलोमीटर. बंदराच्या आत एवढ्या वजनाला तो काही कमी वेग नाही. आणि ब्रेक नाही! उलटं जायचं तर इंजिन बंद करायचं आणि उलट्या बाजूने पुन्हा सुरू करायचं, ते सुरू होतं दाबून भरलेल्या हवेवर, आणि ती हवा मोजकीच, दहाबारा वेळा सुरू करण्यापुरती. आपली स्कूटर सिग्नलला चारदा बंद पडली तरी आपण रडतो.

दुसरी गोष्ट वारा. डेकवर आठ-नऊ मजले कंटेनर रचले की ते शीड होतं, फक्त हे शीड उतरवता येत नाही. माझ्या इंजिनियर मुलाने गणित करून दाखवलं, चारशे मीटर लांब जहाजाला पंचवीस नॉटचा वारा आडवा लागला तर ढोबळ दीडशे टनांच्या आसपास रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट तर रेटा चौपट, हे शाळेतलंच. आता एक चांगला टग ओढतो साधारण साठ-सत्तर टन (धक्क्यावरच्या खुंट्याला दोर बांधून टगला पूर्ण जोर लावायला लावतात आणि काट्यावर मोजतात). म्हणजे नुसता वारा तोलून धरायलाच दोन-तीन टग लागले, अजून जहाज हललेलं पण नाही. जुलैतल्या त्या रात्री आमचं जहाज का थांबलं ते मला त्या कागदावर कळलं, बावीस वर्षांच्या फाइलींत नाही कळलं.

चारशे मीटर म्हणजे किती? पीएमपीच्या बारा मीटरच्या तेहतीस बस एकामागे एक लावा आणि त्या सगळ्या एकदम आडव्या सरकवून डेक्कनच्या गल्लीतून बाहेर काढा. ड्रायव्हर एकच.

तर ते बाहेर काढतात कसं हे मी एकदा डोळ्याने बघितलंय. गेल्या वर्षी नाही त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने उरणला गेलो, दुसऱ्या दिवशी मावसभावाने गावातल्या ओळखीच्याच्या बोटीतून लांबून दाखवलं, जवळ जायला परवानगी नसतेच. सकाळची भरती चढत होती. जड जहाज भरतीवरच काढतात कारण तळाखाली पाणी हवं, आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, त्यामुळे बंदराचं घड्याळ चंद्रावर चालतं आणि आमच्या साहेबांना ते अजून पटलेलं नाही. धक्क्याला जहाज, मागच्या टोकाला मधोमध एक टग, पुढे एक. जहाजावरून एकाने बारीक दोरी खाली फेकली, टोकाला गाठीचा गोळा असलेली, टगवरच्या पोऱ्याने ती हवेतच पकडली, तिला जाड दोराचं टोक बांधून दिलं, वर ओढून घेतलं. सगळं मिळून दोन मिनिटं असतील. मग धक्क्यावरचे दोर एकेक सुटत गेले, शेवटी पुढे-मागे एकेकच राहिला, तेही सुटले. आणि मग काहीच झालं नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलं. पण नीट बघितलं तर टगच्या मागे पाणी पांढरं उकळत होतं आणि जहाज आणि धक्क्याच्या मधली चिंचोळी काळी पट्टी हळूहळू रुंद होत होती. आवाज नाही, धक्का नाही. एवढं मोठं घर कुणीतरी बोटाने सरकवावं तसं.

मावसभाऊ शेजारी उभा राहून जहाजावरच्या पायलटच्या वतीने पुटपुटत होता, हळू ओढ, थांब, बास. मला आमच्या भोसरीच्या गेटवर ट्रेलर मागे घेताना क्लीनर बाजूने थाप मारतो ना, येऊ दे येऊ दे बास बास, अगदी तसंच वाटलं, फरक इतकाच की इथे क्लीनरने नुसती थाप मारायची नसते तर गाडी खांद्याने ढकलायची पण असते.

किंवा आणखी जवळचं उदाहरण देते, पुण्याच्या माणसाला लगेच कळेल. कर्जतला गाडी थांबली की आपण वडा घ्यायला उतरतो, तेव्हा गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागत असतात, ती घाट चढवून देतात आणि लोणावळ्याला गुपचूप सुटून परत जातात. मुंबईहून पुण्याला आलो म्हणून आपण कधी बँकरच्या ड्रायव्हरचे आभार मानलेत का? टग म्हणजे समुद्रातला बँकर.

पायलटबद्दल पण लोकांचा गोंधळ असतो, माझा होता तसा. पायलट म्हणजे त्या बंदराचा माहीतगार कप्तान, स्वतः वर्षानुवर्षं जहाजं चालवलेला. इंग्रजांच्या १९०८ च्या बंदर कायद्यापासून मोठ्या बंदरांत ठराविक आकाराच्या वरच्या जहाजाला तो घ्यावाच लागतो. जहाजाचा कप्तान आज न्हावा शेव्यात, परवा कोलंबोत, त्याला इथला गाळ कुठे साचलाय, ओहोटीचं पाणी कुठल्या वळणावर जहाजाला बाजूला खेचतं हे काय माहीत असणार. पायलट सांगतो तसं सुकाणू फिरतं, पण जबाबदारी कागदोपत्री कप्तानाचीच राहते, सल्ला पायलटचा आणि हुकूम कप्तानाचा असा तो संसार आहे (पनामा कालवा सोडून, तिथे पायलटच मुखत्यार असतो). पायलट वर असला की जहाजावर अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा लागतो. तुमच्या फोटोत तोही दिसतोय, बारीक आहे, भिंग घ्या.

आणि जहाज बाहेर काढून झालं की हा माणूस घरी कसा जातो? चालत्या जहाजाच्या कुशीवरून दोराच्या शिडीने खाली. जहाज थांबत नाही, नुसतं वाऱ्याला एक कूस देऊन शिडीच्या बाजूला जरा आडोसा करतं, खाली पायलट बोट लाटेवर वर-खाली होत असते, ती वर आली की त्या क्षणी पाय टाकायचा, चुकलं तर दोन लोखंडांच्या मध्ये. नऊ मीटरपर्यंत नुसती दोराची शिडी चालते, त्याहून उंच असेल तर अर्ध्यात दुसरा जिना जोडावा लागतो, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. एक बारीक गोष्ट मला फार आवडली, शिडीच्या लाकडी पायऱ्यांना रंग मारायचा नसतो, कारण रंगाखाली भेग लपते. कुठल्यातरी जहाजाने ती नीट सांभाळलेली नसते, दोर कुजलेला असतो, आणि पायलट जातात जिवानिशी, जगभर हे होत आलंय. पन्नाशीतला माणूस, रात्री दोनला, पावसात, अशा शिडीवर. आमच्या सोसायटीची लिफ्ट एक दिवस बंद पडली तर ग्रुपवर दोनशे मेसेज.

टगवाल्यांचं काही सोपं नाही. दोर जर आडवा ताणला गेला आणि टगला त्यासमोर तोंड फिरवता आलं नाही तर जहाजच टगला बाजूने ओढून उलटं करतं, काही सेकंदांत, आतल्या माणसाला दार गाठायला वेळ मिळत नाही. म्हणून दोर झटक्यात सोडायचं बटण सारंगाच्या, म्हणजे टग चालवणाऱ्याच्या, हाताशी असतं. मावसभाऊ सांगतो की नवीन पोराला पहिल्या दिवशी चहा कुठे मिळतो ते नंतर, आधी ते बटण दाखवतात. आणि हो, टग बंदराचेच असतात असं नाही, बरेच भाड्याने घेतलेले असतात, करार संपला की टग बदलतो आणि टगबरोबर माणसंही. दर करारापाशी मावशीचा फोन येतो, पोराचं काय होईल गं. मी काय सांगणार.

तुमच्या बातमीत अनर्थ टळला असं लिहिलंय म्हणून खरा अनर्थ कसा असतो त्याची आठवण करून देते. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाचं जहाज पुलावर आदळलं, आख्खा पूल खाली आला, पुलावर रात्री खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय. तेव्हा तुमच्यासकट सगळ्या पेपरांत पूल पडतानाचे फोटो होते. पण त्यातली ही गोष्ट किती जणांनी छापली, की धक्क्यावरून निघताना जहाजाला दोन टग होते आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मुख्य मार्गाला लागल्यावर ते सोडून दिले, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जहाजावरची वीज गेली. दिवे गेले, सुकाणू गेलं. पायलटने त्या चार-पाच मिनिटांत टग परत मागवले, नांगर टाकायला लावला, आणि पूल बंद करा म्हणून निरोप पाठवला, त्यामुळे पोलिसांनी दोन्हीकडची वाहनं थांबवली. नाहीतर किती गेले असते कोण जाणे. टग मात्र पोचू शकले नाहीत. आणि वीज कशाने गेली? पुढे चौकशीत निघालं की एका वायरवर नावाची पट्टी अशी बसवली होती की वायर खोबणीत पूर्ण आत गेलीच नाही, सैल राहिली. लेबल! बावीस वर्षं मी पॅकिंगवाल्यांना सांगतेय की लेबल कुठेही चिकटवू नका रे, आता मी त्यांना ही गोष्ट सांगते.

त्या अपघातानंतर ऑफिसात सगळे मलाच विचारत होते की आपल्या अटल सेतूचं काय. तर न्हावा शेव्याची कंटेनर जहाजं दक्षिणेकडून समुद्रातून येतात आणि तशीच जातात, सेतूखालून जात नाहीत. तेवढी झोप घ्या.

सुवेझमध्ये २०२१ साली एव्हर गिव्हन अडकलं तेही सगळ्यांना आठवतं, सहा दिवस, व्हॉट्सॲपवर त्या इवल्याशा पिवळ्या जेसीबीचे विनोद. तिथलेही पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय. जेसीबी सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण जहाज निघालं ते ड्रेजरने उपसलेल्या गाळामुळे, डझनभराहून जास्त टग ओढत होते त्यामुळे, आणि पौर्णिमेच्या भरतीमुळे. ती पौर्णिमा म्हणजे आपली होळी, २८ मार्च. दुसऱ्या दिवशी आपण धुळवड खेळत होतो तेव्हा जहाज सुटलं. आमचा एक कंटेनर त्या रांगेत मागे अडकला होता म्हणून मला तारखा पाठ आहेत.

आणि दूरचं कशाला, १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा मदतीला पोचलेल्यांत बंदराची पायलट बोट होती. त्या बोटीवरच्या लोकांनी पाण्यातून कितीतरी माणसं वर घेतली, लहान पोरांसकट. हीच ती बारकी बोट जी एरवी तुमच्या फोटोंत मध्ये मध्ये येते.

आता वाढवणला नवं बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींचा प्रकल्प. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण निदान त्यांची बोट कुठली आणि टग कुठला एवढं तरी पेपरला ओळखता आलं पाहिजे ना, नाहीतर उद्या जहाजाच्या वाटेत येतात म्हणून त्या लोकांवरच बिल फाटायचं. तुमच्या त्या एका ओळीने तेच केलंय, विनाकारण एका मच्छीमाराला गुन्हेगार केलंत जो तिथे नव्हताच. केंद्र सरकारनेही २०२४ च्या ऑगस्टमध्ये टग डिझेलवरून हरित करायचा कार्यक्रम काढला, पहिल्या बंदरांत आपलं न्हावा शेवा आहे. चांगलंय. बॅटरीवर चालणाऱ्या टगचा फोटो याल तेव्हा काढाल ना, त्याला कृपया पर्यटकांची बोट म्हणू नका.

एक सुचवते. आपल्या पुण्याजवळच लोणी काळभोरला आणि तळेगावजवळ इंदुरीला मर्चंट नेव्हीचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, पांढऱ्या युनिफॉर्ममधली पोरं लोणी स्टेशनला तुम्ही पण बघितली असतील. जहाजाची बातमी आली की तिथल्या एखाद्या मास्तरांना फोन करून फोटो दाखवायचा, दोन मिनिटांचं काम. क्रिकेटच्या बातमीत स्लिपला गली लिहिलं तर तुमच्याकडे शंभर पत्रं येतात, इथे मी एकटीच लिहितेय म्हणून दुर्लक्ष करू नका.

चूक दुरुस्ती छापाल ती आतल्या पानावर कोपऱ्यात छापली तरी चालेल, मावसभावाला मी कात्रण पाठवेन. दुसरी विनंती अशी की मूळ फोटो न कापलेला असेल तर मला ईमेलवर पाठवता का. उरणला पाठवला होता तुमचा छापलेला, तो म्हणतो पुढचा टग ओळखीचा आहे पण त्या दिवशी सकाळची पाळी त्याची होती आणि तो मागच्या टगवर होता.

आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे

(नाव छापू नये, ऑफिसात कळलं तर उद्यापासून सगळे कॅप्टन म्हणून हाका मारतील.)